बोटांपासून सांगा

माझे मामा शिलाई मशीन दुरुस्त करायचे. लढाईच्या आधी तेच, लढाईनंतरही तेच. मधली चार वर्षं तेवढी ते बॉम्ब टाकणाऱ्या विमानात इंजिनिअर होते, आणि त्यातल्या एका दुपारच्या कामगिरीबद्दल सरकारनं त्यांना पदक दिलं. आमच्या रस्त्यावर त्यांचं नाव कुणी घेत नसे. समोरच्या न्हाव्यानं त्यांना ‘मेडल’ करून टाकलं होतं. "मेडल, दाढी करून घ्या, गालावर जंगल वाढलंय," अशी हाक आली की मामा हातातलं काम ठेवून निमूट जायचे.

डाव्या हाताची दोन बोटं त्यांना अर्धीच होती. उरलेल्या आठांनी ते केसाएवढी स्प्रिंग जागच्या जागी बसवायचे. बायका मशीन घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "मी काही केलं नाही हो, आपोआप बिघडलं." मामा खालचं झाकण उघडायचे, आतून तुटलेली सुई, दोन बटणं, दोऱ्याचा गुंता काढून काउंटरवर मांडायचे आणि विचारायचे, "हे पण आपोआपच चालत आत गेलं का?" पदक मामीनं काचेच्या चौकटीत घालून काउंटरच्या वर लावलं होतं. गिऱ्हाईक मान वर करून बघायचं. मामा कधी बघायचे नाहीत.

माझं लग्न तीन वर्षांत मोडलं. मी परत आले तेव्हा आईनं तोंड फिरवलं, मामांनी हातात पेचकस दिला. म्हणाले, "रडायचं असेल तर तेलाच्या डब्यापासून लांब बसून रड. तेलात पाणी गेलं की गंज धरतो." तेव्हापासून त्यांच्या मरणापर्यंत सतरा वर्षं मी त्या दुकानात काम केलं. आता सांगते ते मला तुकड्यातुकड्यानं आणि फार उशिरा कळलं. पण सांगताना सरळच सांगते.

विमानात सात जण. पुढे कॅप्टन, त्याच्या शेजारी मामा. चार इंजिनांचे काटे, पेट्रोल, तेल, हे त्यांनी बघायचं. सगळ्यात मागे, शेपटीत, काचेच्या खुराड्यात पाठमोरा बसायचा तो बंदूकवाला. लढाईच्या आधी तो भट्टीवर पाव भाजायचा, म्हणून सगळे त्याला पाववाला म्हणत. वयानं तिशीचा, लग्न झालेला, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. हेडफोनवर म्हणायचा, "तुम्ही सगळे कुठं चाललो ते बघता. माझ्या नशिबी फक्त काय करून आलो ते बघणं."

आणि ते खरंच होतं. बॉम्ब कुठं पडले ते त्यालाच दिसायचं.

त्यांची ती सव्विसावी खेप. तीस झाल्या की सुटका. भर दुपार, ऊन स्वच्छ, खाली शहर कागदावर काढल्यासारखं. रेल्वेच्या यार्डावर बॉम्ब टाकायचे होते. टाकले. पाववाला एरवी लगेच बोलायचा, त्या दिवशी जरा थांबला. मग म्हणाला, "यार्डात नाही पडले. पलीकडे पडले. घरं आहेत तिथं."

"धूर दिसतोय ना?" कॅप्टन म्हणाला.

"दिसतोय."

"मग झालं."

विमान वळत असतानाच खालच्या तोफांचा मारा बसला. उजवीकडची दोन्ही इंजिनं गेली. शेपटीचं सुकाणू अडकलं आणि विमान त्याच शहरावर भलामोठा गोल फिरायला लागलं. मामा मागे गेले, सुकाणूच्या तारा हातानं ओढून सोडवल्या. तिथंच पाववाला त्यांना दिसला. मांडीत लोखंडाचा तुकडा घुसलेला, विजार रक्तानं भिजलेली, त्याचं पॅराशूट फाटून चिंध्या झालेलं. पण तो शुद्धीत होता. मामांना बघून म्हणाला, "आलास? मला वाटलं तुम्ही सगळे उतरून गेलात."

मामांनी मांडी पट्ट्यानं करकचून बांधली, त्याला ओढत मधल्या दाराजवळ आणलं.

पुढे डोंगराची रांग होती, तिच्यापलीकडे आपला मुलूख. विमान अजून त्या शहरावरच होतं आणि उंची गमावत होतं. कॅप्टननं हुकूम दिला, जे जे सुटेल ते बाहेर फेका. बंदुका गेल्या, काडतुसांच्या माळा गेल्या, ऑक्सिजनच्या टाक्या, अवजारांची पेटी, बूटसुद्धा गेले. एक मोठा पाना तेवढा मामांच्या पट्ट्यात राहिला.

मग हेडफोनवर कॅप्टनचा आवाज आला, अगदी शांत. "पाववाल्याचं वजन किती असेल रे?"

मामांनी उत्तर दिलं नाही.

"रक्त चाललंय त्याचं. आपल्याला पोचायला दीड तास. तोवर तो टिकत नाही. खाली शहर आहे, दवाखाना असेल, डॉक्टर असतील. पॅराशूट बांधून सोड. त्याच्या भल्याचंच आहे."

मामांनी स्वतःचं पॅराशूट काढलं. हातमोज्यांनी बकलं लागेनात, म्हणून हातमोजे काढले. दार उघडं होतं, वारा सुरीसारखा आत येत होता. त्यांनी पॅराशूट पाववाल्याला चढवलं, ते आपोआप उघडावं म्हणून दोरी विमानाच्या कडीला बांधली. पाववाल्याला तोवर कळलं नव्हतं. कळलं तसं त्यानं दाराची चौकट धरली.

"नको रे. इथंच पडून राहतो. हलणार नाही, बोलणार नाही. घरी ने मला."

"खाली डॉक्टर आहेत," मामा म्हणाले.

"खाली आपण आत्ता काय करून आलो ते मी बघितलंय."

मामांनी त्याची बोटं सोडवायचा प्रयत्न केला. भट्टीवर कणीक मळलेला हात तो, सुटेना. मामांनी पट्ट्यातला पाना काढला. पहिला घाव बसला तेव्हा पाववाला ओरडला. दुसऱ्याला ओरडला नाही, नुसता मामांकडे बघत राहिला. तिसऱ्याला हात सुटला.

पॅराशूट उघडलेलं मामांनी बघितलं. पांढरं, धुराच्या बाजूला सरकत जाणारं.

मामा पुढे येऊन आपल्या जागेवर बसले. डोंगर आला, तेव्हा समोरच्या काट्यात त्यांनी उंची बघितली. शिखराच्या वर दोन हजार फूट होते ते. दोन हजार! एका माणसाच्या वजनानं दोन हजार फुटांचा फरक पडत नाही, हे ज्याला इंजिन कळतं त्याला कुणी सांगावं लागत नाही. मामांनी कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टननं समोरून नजर हलवली नाही.

उघड्या हातांना हिमदंश झाला होता. इस्पितळात डाव्या हाताची दोन बोटं कापली. मामा तिथं पडलेले असताना विमान दुरुस्त होऊन बाकीच्या चौघांना, दुसऱ्या इंजिनिअरला आणि दुसऱ्या कॅप्टनला घेऊन सत्ताविसाव्या खेपेला गेलं आणि परत आलं नाही. त्यांचा कॅप्टन त्या दिवशी वरिष्ठांपुढे अहवाल द्यायला गेला होता. म्हणजे त्या दुपारबद्दल जाणणारी दोनच माणसं उरली.

अहवालात लिहिलं होतं की मागचा बंदूकवाला बेशुद्ध होता, आणि इंजिनिअरनं स्वतःच्या जिवाची पर्वा न करता आपलं पॅराशूट त्याला बांधून त्याला वाचवण्याची पराकाष्ठा केली. कॅप्टन इस्पितळात भेटायला आला तेव्हा मामा म्हणाले, "तो शुद्धीत होता."

"पॅराशूट दिलंस ना?"

"दिलं."

"मग खोटं काय आहे यात? त्याच्या बायकोला दुसरं काही सांगायचंय तुला? सांग जा."

मामांनी पदक घेतलं.

लढाई संपल्यावर महिन्याभरात पाववाल्याची बायको दुकानात आली. शेजारच्याच वस्तीत राहायची, कारखान्यासाठी शर्टांच्या कॉलरी शिवायची. मशीन हातगाडीवर घालून स्वतः ओढत आणलं होतं. म्हणाली, "भावजी, पट्टा सरकतोय. आणि ह्यांचं काय झालं ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मामांनी पट्टा बदलला आणि अहवालात होतं तेच सांगितलं. मांडीत लागलं होतं. बेशुद्ध होता. त्रास झाला नाही. पॅराशूट उघडलं, मी डोळ्यांनी बघितलं.

"उघडलं ना? मग येतील," ती म्हणाली. "चिवट आहेत. कैदी सुटायचेत अजून."

कैदी सुटले. पाववाला आला नाही. ‘बेपत्ता, मृत समजावे’ असं पत्र आलं, ते तिनं डब्याखाली ठेवून दिलं. कुणाची स्मृती जाते, कुणी तिकडेच संसार थाटतात, असलं काहीबाही ऐकून यायची आणि मामांना विचारायची, "होतं ना भावजी असं?" मामा म्हणायचे, "होतं वहिनी, होऊ शकतं." आठ वर्षं ते असं म्हणत राहिले. मामी तिला चहा द्यायची. तिच्या पाठीमागे म्हणायची, "बिचारी. आपल्या घरी देवमाणूस आहे म्हणून तिला एवढा तरी आधार."

आठव्या वर्षी सरकारी कचेरीतून तिला एक पाकीट आलं. आत परक्या भाषेतलं पत्र आणि पाववाल्याच्या गळ्यातला नंबराचा बिल्ला. ती भाषा जाणणाऱ्या एका म्हाताऱ्या पुस्तकविक्रेत्याकडून तिनं पत्र आपल्या भाषेत उतरवून घेतलं आणि शनिवारी संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या वेळेला, ते घेऊन आली. उभ्याउभ्याच वाचलं.

पत्र त्या शहरातल्या एका शाळेच्या बाईंचं होतं. लिहिलं होतं, ‘तुमचा माणूस आमच्या शाळेच्या मैदानात उतरला. तासाभरापूर्वी शाळेवर बॉम्ब पडला होता. माझ्या वर्गातली बावीस मुलं आम्ही ओळीनं ठेवली होती, त्यांच्याजवळच तो पडला. त्याच्या मांडीला जखम होती, उभं राहता येत नव्हतं. त्यानं हात वर केले. आयांनी त्याला विटांनी मारलं. मीही एक वीट मारली. मरायला त्याला वेळ लागला. मी माफी मागत नाही. त्याच्या घरच्यांना माहीत असावं म्हणून लिहिते. एक गोष्ट मात्र आमच्यावर येऊ नये. त्याच्या उजव्या हाताची बोटं आधीच ठेचलेली होती. ती आम्ही ठेचली नाहीत.’

तिनं कागद घडी करून पिशवीत ठेवला. "भावजी, बोटं कशानं ठेचली?"

मामा म्हणाले, "तोफेच्या माऱ्यात..."

"मांडीत लागलं म्हणालात तुम्ही. बोटांचं नाव नव्हतं काढलं. आणि बेशुद्ध माणूस हात वर करतो होय?"

मामांना खोटं बोलण्याची सवय नव्हती. एकच खोटं आठ वर्षं सांभाळलं होतं, दुसरं तयार नव्हतं. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि सगळं सांगितलं. वजनाचा प्रश्न, चौकट, पाना, दोन हजार फूट. पडद्यामागे मामी उभी होती. ती बाहेर आली.

"त्यांनी स्वतःचं पॅराशूट दिलं," मामी म्हणाली. "विमान पडलं असतं तर हे मेले असते. हे विसरू नका."

"पडलं नाही ना," बाई म्हणाली.

"नसतं सोडलं, तरी तुमचा माणूस वाटेत मेलाच असता."

"असता की. तुमच्या माणसाच्या मांडीवर डोकं ठेवून मेला असता. शाळेच्या मैदानात नाही." मग ती मामांकडे वळली. "तुम्ही आठ वर्षं मला म्हणत होतात, येतील."

मामांनी भिंतीवरून पदकाची चौकट काढली आणि तिच्यापुढे धरली. ती हसली. मामी म्हणायची, त्या हसण्यापुढे तिच्या शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

"मला कशाला? मी का ढकललं त्यांना? लावा परत वर. लोकांना दिसू दे." दारापाशी गेल्यावर वळून म्हणाली, "पुढच्या शनिवारी येते, मिस्त्री."

त्या दिवसापासून भावजी संपले, मिस्त्री सुरू झाले.

ती पुढच्या शनिवारी आली, स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बोटांपासून सांगा." मामांनी सांगितलं. त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा आली. मामांना वाटलं दोन-चार वेळा येईल, मन मोकळं होईल. ती एकवीस वर्षं आली.

तिनं कुणाकडे चहाडी केली नाही. न्हाव्याला शेवटपर्यंत वाटायचं, मेडल किती थोर, दर शनिवारी मित्राच्या विधवेची विचारपूस करतो. मामा एकदा शनिवार टाळून बहिणीकडे, म्हणजे आमच्या आईकडे जाऊन बसले. रविवारी सकाळी ती तिथं दारात हजर. त्यानंतर त्यांनी टाळलं नाही. तापानं फणफणलेले असले तरी शनिवारी संध्याकाळी काउंटरमागे बसायचे.

मी दुकानात आले तेव्हा हे चार वर्षं चालू होतं. बाई आली की मामा मला सुट्या भागांच्या खोलीत पाठवायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्यांचं काही जुनं प्रकरण असेल. एकदा मामीला तसं विचारलं, तर तिनं माझ्या थोबाडीत मारली. खोलीत बॉबिन निवडत बसले की भिंतीतून शब्द ऐकू यायचे. एकदा मामांचा आवाज आला, "मग मी दोनदा मारलं..." आणि तिचा, "तीनदा." मग मामा, "तीनदा."

मामांचं काम त्यानं बिघडलं नाही, हे मला फार विचित्र वाटायचं. शुक्रवारपासून जेवण कमी व्हायचं, रविवारी दिवसभर झोपायचे, सोमवारी पुन्हा गिऱ्हाइकांची थट्टा. मीच एकदा चिडून म्हटलं, "हाकलून का देत नाही तिला? तुम्ही काय तिचं लागता?"

मामा शटलला तेल घालत होते. म्हणाले, "ती एकटीच आहे जिला मी खरं सांगतो. बाकी सगळे मेडल म्हणतात." मग म्हणाले, "पण सुटका झाली तर मला हवीच आहे, हेही खोटं नाही."

सुटका झाली नाही. अठराव्या वर्षी मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दुकान माझ्यावर आलं. मामांना दिवसा खुर्चीत बसवून काउंटरमागे ठेवायचो, माणसं दिसली की जरा बरं असायचं त्यांना. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, शनिवार तरी संपला.

शनिवारी बाई आली. मामांच्या तोंडावरून ओघळणारी लाळ बघितली. स्टूल ओढून त्यांच्या अगदी समोर बसली. मी म्हटलं, "आता त्यांना बोलता येत नाही."

"ऐकू येतं ना?" ती म्हणाली. आणि स्वतःच सांगायला लागली.

"मी हातमोजे काढले," असं तिनं सुरू केलं. मी मी करत, मामांचेच शब्द वापरून, मामांच्याच चालीत. तेव्हा मी पहिल्यांदा ते सगळं ऐकलं. हातातला पेचकस मी कधी खाली ठेवला ते कळलं नाही. मामांचे डोळे तिच्यावर खिळलेले होते. मधेच ती चुकली, डाव्या हातानं चौकट धरली म्हणाली, तर मामांनी मान हलवली. कष्टानं, दोनदा, नाही नाही अशी.

"बरोबर, उजवा," ती म्हणाली आणि पुढे गेली.

मी तिला बाहेर काढायला हवं होतं. मामी आतून ओरडत होती, काढ तिला, काढ. पण मामांचा डावा हात, ती दोन अर्धी बोटं, स्टुलाच्या कडेला होता, आणि ती उठू लागली की तो हात कडा धरून ठेवायचा. ती त्याच्याकडे बघायची, मग एकेक बोट सावकाश उचलून बाजूला करायची आणि जायची. तीन वर्षं दर शनिवारी हे मी बघितलं.

मामा गेले तेव्हा कॅप्टन आला. तो आता मोठा माणूस झाला होता. निवडणुका जिंकला होता, आणि प्रत्येक भाषणात ‘माझ्या विमानातला तो इंजिनिअर’ यायचाच. त्यानं मामांच्या पार्थिवाशेजारी उभं राहून पॅराशूटची गोष्ट सांगितली. लोक डोळे पुसत होते. न्हावी तर ढसाढसा रडला. गोष्ट संपल्यावर कॅप्टननं गर्दीतल्या बाईकडे हात केला. "त्या वीराची पत्नीही इथं आहे. त्यांनीच सांगावं, असा मित्र कुणाला मिळतो?"

सगळे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "आमच्या ह्यांचं वजन अडुसष्ट किलो होतं. तुम्ही विचारलं होतं ना? ह्या मिस्त्रीला उत्तर देता आलं नव्हतं."

कुणाला काही कळलं नाही. म्हातारी, दुःखानं बरळतेय, असं वाटलं असेल. कॅप्टनचा चेहरा मात्र मी बघितला. त्यानं ड्रायव्हरला खूण केली आणि मामांना उचलायच्या आधीच गाडीत जाऊन बसला.

पुढच्या शनिवारी मी दुकान उघडलं होतं. संध्याकाळी ती आली, स्टुलावर बसली. मामांची खुर्ची रिकामी होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"आता तू ऐक," म्हणाली.

मी ऐकलं. काय करणार, सतरा वर्षं त्या माणसाचं अन्न खाल्लं होतं. दुसऱ्या शनिवारीही ऐकलं. तिसऱ्या शनिवारी ती मधेच थांबली आणि मला म्हणाली, "पुढचं तू सांग. तुला पाठ झालंय." आणि खरंच पाठ झालं होतं. पहिला घाव, दुसरा, तो ओरडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. हे माझ्याच तोंडून ‘माझ्याकडे’ असं बाहेर पडलं आणि ती मान हलवत म्हणाली, "बरोबर."

चौथ्या शनिवारपासून मी दुकान शनिवारी बंद ठेवते. न्हावी म्हणतो, बाई अजून येते. शटरसमोरच्या पायरीवर तासभर बसते, ओठ हलत असतात, मग उठून जाते.

"मेडलची आठवण काढत असेल बिचारी," तो म्हणतो. मी त्याला हो म्हणते.